सैराटच्या आधीचं पाहताना

बेटा,

परवा फुटाळा तलावावर चहा पिता पिता तू म्हणालास ना, की सैराट चारदा पाहून झाला, आता नागराज मंजुळेचं जुनं काम पाहून त्यात सैराटची बीजं शोधतो. तिथं गर्दीत धड बोलता आलं नाही म्हणून लिहून राहिलो. बीजं नको रे शोधू आत्ताच. पिस्तुल्या २००९ ची, नगरला शिकताना प्रोजेक्ट म्हणून केलेली छोटीशी शॉर्टफिल्म, ती करताना पुढं सैराट येणारे हे कोणाला माहीत होतं? शाळेत जायचंय असं एक पोरगं आहे त्यात, आधी त्याच्याकडे बघ फक्त.

मग फँड्री (२०१३). मी पहिल्यांदा पाहून बाहेर पडलो आणि त्यातलं पोरगं जब्या शेवटी दगड भिरकावतो ते म्हणजे बंड, असं भेटेल त्याला सांगत सुटलो, पण दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा समजलं की राष्ट्रगीताचा सीन मी पाहिलाच नव्हता नीट. जब्या आणि घरचे डुक्कर पकडतायत, ते अगदी हाताशी आलंय, तेवढ्यात शाळेतून जन गण मन सुरू होतं, जब्या जागच्या जागी उभा, घरचेही उभे, आणि डुक्कर आरामात समोरून निघून जातं. कोणी काही बोलत नाही. तो सीन तीनदा लाव, एकदा आवाज बंद करून, आणि वहीत अर्थ नाही लिहायचा, फक्त कोण कुठं उभं आहे ते लिही. अर्थाची घाई केली की माणसं दिसत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं बाप्पा.

आणि एक गोष्ट. पिस्तुल्यातलं पोरगं म्हणजे सूरज पवार, फँड्रीत तोच जब्याचा दोस्त पिऱ्या, आणि सैराटमध्ये तोच प्रिन्स, जो भर वर्गात सरांच्या कानाखाली वाजवतो! शाळेसाठी जीव टाकणारा चेहरा सात वर्षांनी तिथं असा उभा. हे दिग्दर्शकानं ठरवून केलं असं लगेच लिहू नकोस, ओळखीचा चांगला नट म्हणूनही घेतला असेल, पण तुला पाहताना पोटात काय झालं ते मात्र लिही, ते तुझं आहे.

मंजुळेचा झुंड सगळ्यात शेवटी ठेव. तो आपल्या नागपूरचा, त्यातली वस्ती आणि कॉलेजच्या मधली भिंत तुला ओळखीची वाटेल, म्हणूनच आधी फँड्रीतली शाळेची भिंत बघून घे, बाबासाहेबांच्या, सावित्रीबाईंच्या चित्रासमोरून डुक्कर लटकवून नेतात ती.

रविवारी घरी ये, वही घेऊन.