‘अँटिगनी’वर बेतलेली आधुनिक नाटकं कोणती? हौशी गटानं त्यातलं कोणतं करावं?

तुमच्या गटात किती जण आहेत हे प्रश्नात लिहिलेलं नाही, आणि निम्मं उत्तर त्यावरच आहे. तरी सांगतो.

मी परभणीचा. नोकरी सांभाळून पंधरा-सोळा वर्षं हौशी नाटक करतोय. अँटिगनीच्या वाटेला तीनदा गेलो, धड जमलं एकदाच.

मूळ नाटक प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसचं, इसवी सनापूर्वी 441च्या आसपासचं. दोन भाऊ गादीसाठी एकमेकांना मारून मरतात. मामा क्रेऑन राजा होतो. एका भाच्याला इतमामानं निरोप आणि दुसऱ्याचं, पॉलिनायसिसचं, प्रेत उघड्यावर. जो माती देईल त्याला मरण. बहीण अँटिगनी जाते आणि मूठभर माती टाकते.

आपल्याकडं यातलं मर्म समजावून सांगावं लागत नाही. ‘कुठं चाललात?’ ‘मातीला.’ दहनाला निघालेला माणूसही मातीलाच चाललो म्हणतो. पण इथंच आम्ही पहिल्यांदा फसलो. ग्रीकांमध्ये मृताला न्हाऊ घालणं, शोक करणं हे बायकांचंच काम. अँटिगनी रीत मोडत नाही, रीत पाळते, आणि राजा आड येतो. आपल्या गावांत बायका बहुतेक घरीच थांबतात, त्यामुळं आमच्या प्रेक्षकाला वाटलं, पोरगी मसणवट्यात जायच्या हक्कासाठी भांडतेय. प्रयोग संपल्यावर एक काका म्हणाले, “आता तर पोरी खांदाबी द्यायल्यात, एवढं काय त्यात?” बरोबर होतं त्यांचं. चूक आमच्या रूपांतराची. क्रेऑन बाजूलाच राहिला होता.

म्हणून निवडताना एवढंच बघा, की लेखकानं तिला कुणासमोर उभं केलंय.

फ्रेंच नाटककार ज्याँ अनुईची ‘अँटिगनी’ 1944 सालची, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमधली. त्याचा क्रेऑन खलनायक नाही, कामाला जुंपलेला माणूस आहे. तो तिला सांगतो की दोन्ही प्रेतं ओळखू न येण्याइतकी चेंदलेली होती, त्यातलं जरा बरं दिसलं ते उचललं आणि सरकारी इतमाम केला. तुझा भाऊ कोणता तेही मला ठाऊक नाही. हे ऐकल्यावर तिच्याकडं कारण उरत नाही, आणि तरी ती मागं हटत नाही. माझ्या मते आधुनिक नाटकात या नायिकेला मिळालेलं सगळ्यात अवघड वळण हेच. सुरुवातीला पहाटे बाहेरून आलेल्या तिला म्हातारी दाई हटकते. गंगाखेडकडची आमची एक मुलगी तालमीत आपसूक बोलून गेली, “कुठं गेल्तीस गं माय एवढ्या पाहटं?” संहितेतलं वाक्य खोडून तेच ठेवलं. मुली जास्त असतील तर हेच करा.

जर्मन नाटककार ब्रेख्तचं 1948 सालचं रूपांतर मला कोरडं वाटतं. त्याचा सुरुवातीचा बर्लिनमधला प्रवेश मात्र वाचाच. 1945, दोन बहिणी, आणि फौजेतून पळालेला भाऊ दाराबाहेर फासावर लटकलेला.

दोनच पुरुष असतील तर डोळे झाकून ‘द आयलंड’. अथॉल फुगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्त्शोना यांनी मिळून घडवलेलं, 1973चं. दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरचे दोन काळे राजबंदी तुरुंगातल्या कार्यक्रमासाठी अँटिगनीचा खटला बसवतात. सुरुवातीला बराच वेळ संवादच नाहीत. एकानं वाळू भरून आणायची आणि दुसऱ्याच्या ढिगावर ओतायची, दुसऱ्यानं तेच. काम कधीच संपत नाही. मग त्यातला विन्स्टन नावाचा कैदी खोटे केस, खोटी छाती लावून अँटिगनी होतो, जोडीदार हसून हसून लोळतो आणि हा चिडून सगळं उतरवून फेकतो. मी बाई होणार नाही! आपल्याकडं पुरुषांनी लुगडं नेसून नायिका गाजवल्या, तमाशात मावशी अजून पुरुषच करतो, त्यामुळं हा प्रवेश मराठीत फार सहज बसतो. प्रेक्षक आधी खदखदून हसतो. शेवटी जन्मठेपेचा तो कैदी केस काढून स्वतःच्या तोंडानं बोलायला लागतो तेव्हा हसणं कुठल्या कुठं जातं. त्याच बेटावर कैद्यांनी खरोखर ‘अँटिगनी’ केलं होतं, त्यात नेल्सन मंडेला क्रेऑन झाले होते.

एक मुलगी आणि दोन मुलं असतील तर ग्रिसेल्डा गांबारोचं ‘अँतिगोना फुरिओसा’, अर्जेंटिना, 1986. लष्करी राजवटीत माणसं गायब झाली, प्रेतंच मिळाली नाहीत, मग माती कुणाला द्यायची? नाटक तिच्या फाशीपासून सुरू होतं, ती गळ्यातला दोर सोडते आणि गोष्ट पुन्हा जगते. क्रेऑन म्हणजे नुसतं पोकळ कवच, आत शिरेल तो राजा. छोट्या गटाला परवडणारी युक्ती आहे.

(अँटिगनीबाहेर जायचं असेल तर टोनी मॉरिसनचं ‘डेस्डेमोना’ बघा, 2011चं. ‘ऑथेल्लो’त डेस्डेमोना आईच्या बार्बरी नावाच्या दासीचा ओझरता उल्लेख करते. इथं मेल्यानंतर ती दासी समोर येते आणि मालकिणीला ऐकवते.)

कटकटीचं काम आधी उरका. सोफोक्लीसला स्वामित्वहक्क नाही, पण अनुई 1987ला गेले, त्यांचा आहे. मराठी अनुवादकाचा वेगळा. संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र स्पर्धेच्या आदल्या आठवड्यावर ठेवू नका.

आणि माती. मुळात पहारेकरी सांगतो, प्रेतावर पातळ धुळीचा थर होता. आमची काळी माती. गोणीभर आणली, तर पोरीच्या मुठीतून भुरभुर पडेचना, ढेकळं धप्पकन पडायची. दोन दिवस चाळून बघितली. शेवटी ढेकळंच ठेवली, कारण त्या आवाजाला सभागृह गप्प व्हायचं. नंतर रंगमंच झाडायला दीड तास लागला, अनामतीतले पाचशे कापले गेले ते वेगळे.