अंगणात पाणी साचतं, जास्वंद पिवळी पडते
प्रश्न : अंगणात काळी माती आहे. पावसाळ्यात पाणी साचतं, जास्वंद पिवळी पडते. खत वाढवू का? – एक वाचक भगिनी, बार्शी

उत्तर : ताई, खत आत्ता अजिबात नको. काळी माती पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही, म्हणून पानं पिवळी पडतात. फूटभर खड्डा पाण्याने भरून बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं, तर निचराच होत नाही. अंगणाला घरापासून बाहेर उतार द्या, 10 फुटांना 2 इंच पुरे. उघडीप मिळाली की जास्वंद उंच वाफ्यावर घ्या, मातीत कुजलेलं शेणखत भरपूर मिसळा. थोडी वाळू टाका, असं कुणी सांगेल. ऐकू नका, तेवढ्याने काही सुटत नाही. बुंध्याला खेटून फरशी असेल, तर ती मात्र आजच काढा.