नोकरी सोडताना पीएफ मोडावा का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझे वय ४१ वर्षे आहे. पहिल्या कंपनीत मी ४ वर्षे आणि दुसऱ्या कंपनीत ३ वर्षे ८ महिने काम केले. पहिल्या नोकरीत लागलो तेव्हा मूळ वेतन १४,००० रुपये होते, आता ते २२,००० आहे. राजीनामा दिला असून या महिनाअखेर कामाचा शेवटचा दिवस आहे, नवी नोकरी अजून ठरलेली नाही. जुन्या खात्यात सुमारे १,६०,००० आणि आताच्या खात्यात सुमारे २,००,००० रुपये आहेत. ‘फॉर्म १९ आणि १० सी दोन्ही भर आणि सगळे पैसे काढून मोकळा हो,’ असे सहकारी सांगतात. तसे करावे का?

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांनी दोन फॉर्मांची नावे एका दमात घेतली, पण हे दोन वेगवेगळ्या पैशांचे अर्ज आहेत आणि त्यांचा विचारही वेगवेगळाच केला पाहिजे. आपल्या पगारातून कापले जाणारे १२ टक्के पूर्णपणे भविष्य निर्वाह निधीत जातात. कंपनीच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के मात्र १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत वळते होतात, आणि तेही १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेपर्यंतच, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. फॉर्म १९ हा निधीच्या रकमेसाठी असतो आणि १० सी पेन्शनच्या हिश्शासाठी. पासबुकात पेन्शनचा रकाना वेगळा दिसतो आणि त्यावर व्याज जमा होत नाही, त्यामुळे ‘ते पैसे पडून आहेत, काढून घ्या’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. माझ्या मते लोकांचे सर्वांत मोठे नुकसान याच सल्ल्याने होते.

ते कसे होते, हे आपल्याच आकड्यांवरून पाहू. आपली पेन्शनपात्र सेवा ७ वर्षे ८ महिने झाली आहे. १० सी भरून पैसे घेतले तर वेतनमर्यादेच्या साधारण आठपट, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास रक्कम हाती येईल, पण ही सगळी सेवा पुसली जाईल आणि पुढच्या नोकरीत मोजणी शून्यापासून सुरू होईल. पेन्शनचे सूत्र सरळ आहे : पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. आपण वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत खंड न पडता नोकरी केली असे धरले, तर नव्याने मोजलेल्या १७ वर्षांवर आजच्या वेतनमर्यादेने दरमहा सुमारे ३,६४३ रुपये बसतात. जुनी सेवा राखली तर एकूण २४ वर्षे ८ महिने होतात. सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जात असल्याने ती २५ वर्षे मानली जातील, शिवाय २० वर्षांहून अधिक सेवेला २ वर्षांची वाढ मिळते. म्हणजे २७ वर्षांवर दरमहा सुमारे ५,७८६ रुपये. हा २,१४३ रुपयांचा फरक हयातभर दर महिन्याला जाणवेल आणि आपल्या पश्चात जोडीदाराला मिळणाऱ्या पेन्शनवरही त्याचा परिणाम होईल. म्हणून १० सी भरून पैसे काढू नका, असेच मी आपल्याला आग्रहाने सांगेन. पुढे नोकरी करायचीच नाही असे ठरले, तर त्याच फॉर्मवर पैशांऐवजी योजना प्रमाणपत्र मागता येते आणि सेवा शाबूत राहते. किमान १० वर्षांची पात्र सेवा भरली की पेन्शनचा हक्क निर्माण होतो, आणि त्यापासून आपण फार दूर नाही.

आता निधीच्या रकमेकडे वळू. आपली दोन खाती वेगळी आहेत, हे आपल्या पत्रातून मला सर्वांत आधी खटकले. सलग ५ वर्षांची सेवा होण्याआधी काढलेली रक्कम करपात्र ठरते आणि ती ५०,००० रुपये किंवा त्याहून अधिक असेल, तर पॅन जोडलेले असतानाही १० टक्के कर उगमस्थानीच कापला जातो. वार्षिक उत्पन्न करमर्यादेच्या आत असेल तर तसे स्वयंघोषणापत्र देऊन ही कपात टाळता येते, पण आपण वर्षातले बरेच महिने पगार घेतला असल्याने आधी हिशेब मांडा आणि मगच सही करा. दुसऱ्या कंपनीतील सेवा एकटी पाहिली तर ती ५ वर्षांहून कमी भरते. मात्र पहिल्या खात्याची शिल्लक दुसऱ्यात हस्तांतरित केली की दोन्ही सेवा जोडून धरल्या जातात, ५ वर्षांची अट पूर्ण होते आणि पुढे रक्कम काढावी लागली तरी तिच्यावर करआकारणी होत नाही. ही हस्तांतराची विनंती आपल्या यूएएनवरून, म्हणजे सदस्याची सगळी पीएफ खाती जोडणाऱ्या एकाच क्रमांकावरून, ऑनलाइन करता येते. ती नोकरीत असतानाच, या महिन्यातच करा. पेन्शनची सेवा जोडली जाण्याचा मार्गही हाच आहे.

यानंतरही घरखर्चाला पैसे लागणार असतील, तर गरजेपुरतेच काढा. बेरोजगारीच्या काळात ७५ टक्के रक्कम आधी आणि उरलेली नंतर काढता येते. ही ‘नंतर’ची मुदत अनेक वर्षे दोन महिन्यांची होती. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ती बारा महिने करण्याचा आणि पेन्शनचा हिस्सा काढण्याची मुदत दोन महिन्यांवरून छत्तीस महिने करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडलेल्या मित्राचा अनुभव प्रमाण मानू नका आणि अर्ज करतेवेळी पोर्टलवर दिसणारे पर्याय नीट वाचा. क्रेडिट कार्डाची थकबाकी चढत्या व्याजाने वाढत असेल तर निधीतून ती फेडणे मी चूक मानणार नाही, पण केवळ नोकरी सुटली म्हणून खाते रिकामे करणे ही चूकच आहे. २०२४-२५ साठी जाहीर झालेला ८.२५ टक्के व्याजदर टिकला असे धरल्यास आपले ३,६०,००० रुपये आणखी एक पैसाही न भरता १७ वर्षांत पावणेचौदा लाखांच्या वर जातात. दर वर्षी दर नव्याने ठरतो, त्यामुळे हा आकडा अंदाज म्हणूनच घ्यावा.

प्रश्न : माझी आधीची कंपनी बंद पडली. नोकरी सोडल्याची तारीख तिने नोंदवलीच नाही, त्यामुळे माझा अर्ज पुढे सरकत नाही. मालक फोन उचलत नाहीत. काय करावे?

उत्तर : मालकाची वाट पाहण्याची गरज नाही. शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिने उलटले की सदस्य स्वतःच पोर्टलवर ही तारीख नोंदवू शकतो. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने ती निश्चित होते. तारीख मात्र शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे त्या महिन्यातलीच द्यावी लागते आणि ती नव्या नोकरीच्या रुजू तारखेच्या पुढे जाता कामा नये. तारखा एकमेकींवर चढल्या की हस्तांतर अडकते आणि दुरुस्तीत बराच वेळ जातो, म्हणून शेवटची वेतनचिठ्ठी समोर ठेवूनच नोंद करा. आधार, पॅन आणि बँक खाते या तिन्ही ठिकाणी नाव अक्षरशः सारखे आहे का, हेही त्याच वेळी तपासा.

प्रश्न : एक एजंट माझा पीएफ लवकर काढून देण्यासाठी १० टक्के मागतो आहे. तो यूएएन, पासवर्ड आणि ओटीपीही मागतो. द्यावे का?

उत्तर : मुळीच देऊ नका. ओटीपी त्याच्या हाती गेला म्हणजे आपल्या आयुष्यभराच्या बचतीची किल्लीच गेली. भविष्य निर्वाह निधी संघटना दाव्यासाठी एक रुपयाही शुल्क घेत नाही, आणि एजंटही तोच ऑनलाइन अर्ज भरतो जो आपण घरी बसून किंवा उमंग ॲपवरून भरू शकता. अर्ज अडला असेल तर संघटनेच्या तक्रार पोर्टलवर नोंद करून तक्रार क्रमांक जपून ठेवा. दर महिन्याच्या २७ तारखेला ‘निधी आपके निकट’ या उपक्रमात संघटनेचे अधिकारी जिल्ह्याच्या ठिकाणी सदस्यांना भेटतात. तेथे पासबुकाची छापील प्रत आणि नाकारलेल्या अर्जावरील शेरा घेऊन जा.