झोकांड्या जातात, पण दारू नाही

प्रश्न : वडील ५२ वर्षांचे. दोन वर्षांपासून पाखाडी उतरताना झोकांड्या जातात, बोलणं जड झालंय. गावात वाटतं, पितात. आजोबांचंही असंच होतं. उपचार आहे का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : हा लहान मेंदूचा विकार, अटॅक्सिया, असावा. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा आणि गावाला तसं स्पष्ट सांगा. तो संशय माणसाला घरात कोंडतो. आधी बरी होणारी कारणं तपासा : एमआरआय, थायरॉइड, बी-१२ आणि ई जीवनसत्त्व, फिटांसाठी फेनिटॉइन चालू असल्यास त्याची रक्तातली पातळी. आजोबांनाही त्रास होता, म्हणून एससीएची (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, पिढ्यान्‌पिढ्या चालत येणारा प्रकार) जनुकचाचणी हवी. मागताना ‘रिपीट एक्स्पान्शन’ (जनुकातल्या अक्षरांची वाढलेली पुनरावृत्ती) असंच म्हणा. नेहमीच्या एक्झोम चाचणीत (जनुकांच्या प्रथिनं घडवणाऱ्या भागांचं वाचन) सीएजी या तीन अक्षरांची लांबलेली माळ बहुधा निसटते. एससीएचं निदान झालं तर प्रत्येक मुलाला धोका ५० टक्के, तेव्हा स्वतःची चाचणी समुपदेशनानंतरच.

२०२३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं ओमाव्हेलोक्सोलोन हे औषध फ्रीडरिक अटॅक्सिया या दुसऱ्या आनुवंशिक प्रकारापुरतं आहे, एससीएला नाही. खरा आधार व्यायामाचा. जर्मनीतल्या २००९च्या अभ्यासात चार आठवड्यांच्या समन्वय-व्यायामाने चाल सुधारली. सोडला की फायदा ओसरतो. भिंतीलगत, कुणीतरी जवळ असताना, रोज करून घ्या. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, पाखाडीला कठडा आत्ताच बसवा. पाणी पिताना ठसका लागत असेल तर हनुवटी खाली, घोट लहान.