कापणीआधीचे दिवस मोजा: भातातल्या औषधाच्या अंशाबद्दल तीन प्रश्न

मनोरीचे एक काका विचारतात: लोंब्या पिवळ्या पडल्यात आणि लष्करी अळी आलीय. माळ्यावर डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकाची जुनी बाटली आहे. मारू का? घरात हाच भात शिजतो, नातवंडं लहान आहेत.

काका, ती बाटली उघडूच नका. डायक्लोरव्हॉस 31 डिसेंबर 2020 पासून आपल्या देशात बंद आहे. फोरेट आणि ट्रायझोफॉसही त्याच दिवसापासून बंद झालं. बाटली खाडीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. झाकण घट्ट लावून कुलपात ठेवा आणि कृषी कार्यालयाला कळवा.

आता अळीचं. ती रात्री वर चढून लोंब्या कुरतडते आणि दिवसा चुडांच्या, म्हणजे भाताच्या ठोंबांच्या, बुडाशी दडून बसते. संध्याकाळी एक चूड बाजूला सारून बघा, तिथेच सापडेल. खाचरात पाणी असेल तर दोन दिवस बांधून ठेवा. पाणी चढलं की अळ्या वर येतात आणि पक्षी त्या टिपतात. बगळ्या-साळुंक्यांना बसायला शेतात काठ्या रोवा. जो भाग पिकलाय तो आधी कापा आणि वाळला की लगेच खळ्यावर आणा. आठ-दहा दिवसांत कापणी असेल, तर या टप्प्यावर कोणतंही औषध मारू नये असंच मी सांगेन. एरवी फवारलेलं औषध ऊन-पावसाने आणि झाडाच्या आतल्या क्रियांनी हळूहळू उतरतं. त्याला लागणारा वेळ म्हणजेच लेबलवर छापलेला प्रतीक्षा काळ. फवारल्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा आणि तेवढे दिवस भरल्याशिवाय विळा लावू नका.

पेंढ्याचाही विचार करा. दाण्यावर निदान तुसाचं आवरण असतं, पण फवारा पानांवर आणि काडीवर थेट पडतो. तोच पेंढा तुमच्या किंवा गोरेगाव-आरेच्या तबेल्यातल्या म्हशींपुढे जातो.

अंधेरीत नोकरी करून आरेतल्या पाड्यावर वडिलांची शेती बघणारा एक तरुण विचारतो: तांदळातल्या औषधाच्या अंशाची 0.01 ही मर्यादा म्हणजे नेमकं किती? त्याच्या वर गेलं की तांदूळ विषारी होतो का?

0.01 मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे एका टन तांदळात 10 मिलिग्रॅम. 2017 साली युरोपीय संघाने करपा रोगावरच्या ट्रायसायक्लाझोल या औषधाची तांदळातली मर्यादा 1 वरून 0.01 वर आणली आणि आपल्या बासमतीवाल्यांची झोप उडाली. आपल्याकडे मर्यादा भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरण ठरवतं. एखाद्या पिकासाठी एखाद्या औषधाची मर्यादा ठरलेलीच नसेल, तर सर्वसाधारणपणे 0.01 धरतात.

पण हा आकडा विषाची रेषा नव्हे. औषध लेबलप्रमाणे वापरलं तर दाण्यात फार तर किती अंश उरेल, यावरून तो ठरतो. शरीराला रोज किती चालेल याचा हिशेब वेगळा आहे आणि तो वजनावर होतो. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकासाठी जागतिक तज्ज्ञगटाने तो दर किलो वजनामागे 0.01 मिलिग्रॅम धरला होता. समजा तांदळात किलोमागे 0.5 मिलिग्रॅम अंश आहे. 60 किलोच्या माणसाने 300 ग्रॅम तांदूळ खाल्ला तर पोटात 0.15 मिलिग्रॅम जातं. त्याची मर्यादा 0.6, म्हणजे पाव भाग. 15 किलोच्या मुलाने 150 ग्रॅम खाल्ला तर 0.075 जातं, आणि त्याची मर्यादा 0.15. नुसत्या भातातच निम्मी संपली, भाजी-फळं अजून बाकीच आहेत. मुलांच्या मेंदूच्या वाढीला सुरक्षित असं प्रमाण ठरवताच येत नाही, म्हणून युरोपने 2020 साली क्लोरपायरीफॉस बंदच केलं.

आणि बाळा, खाणाऱ्यापेक्षा फवारणाऱ्याला धोका कितीतरी जास्त. वडिलांच्या पाठीवर पंप गळत असेल, शर्ट भिजला असेल, तर काम थांबवून आधी साबणाने अंग धुवायला लाव. दरदरून घाम, तोंडाला लाळ, अंधुक दिसणं, स्नायू फडफडणं अशी लक्षणं दिसली तर 108 ला फोन कर आणि डबा सोबत ने. डॉक्टरांना औषधाचं नाव लागतं.

गोराईच्या एक ताई विचारतात: वर्षाचा तांदूळ बोरिक पावडर लावून ठेवतो, मुंबईतल्या लेकीलाही तसाच पाठवतो. चालेल ना?

ताई, बोरिक पावडर बंद करा. ती खाण्याच्या पदार्थात घालायला परवानगी नाही, आणि धुण्याच्या घाईत थोडी तरी राहतेच. तांदूळ नीट वाळवा. दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे. मग घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा. शक्य असेल तर भात म्हणूनच साठवा आणि लागेल तसा गिरणीवर न्या. तुसासकट दाणा जास्त टिकतो.

लेकीला एक नक्की सांगा. धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या घरात आणू नकोस. त्या फक्त सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रकांसाठी आहेत. दमट हवेत त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. चाळीतल्या एका खोलीत सगळं घर झोपलेलं असतं, तिथे तो जीव घेतो.

तांदूळ तीनदा चोळून धुवा. वरचा अंश बराच जातो, दाण्यात मुरलेला जात नाही. भात वेळून पेज काढली तर आणखी थोडा उतरतो. फक्त तांदूळ विकतचा असेल आणि कुठून आला ते माहीत नसेल, तर ती पेज तान्ह्या बाळाला देऊ नका.