गिरणगावाचं प्रदर्शन: पार्श्वसंगीत वेगळं ठेवा, गाणी वेगळी ठेवा

तुम्ही विचारलंय की परळ-लालबागच्या चाळी आणि त्यांच्यामागे उभे राहिलेले टॉवर यांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन आहे, संध्याकाळी परिसंवाद आहे, तर दिवसभर हळू आवाजात आर्थिक विषमतेवरची कोणती गाणी लावावीत. गाणी सुचवतो, पण ती दिवसभर हळू आवाजात लावू नका, असं माझं ठाम मत आहे.

ही गाणी शब्दांवर उभी असतात. अण्णा भाऊ साठ्यांची मुंबईची लावणी घ्या. मलबार हिलवर कुबेराची वस्ती आणि परळात मिळेल ते खाऊन घाम गाळणारी माणसं, म्हणजे तुमच्या प्रदर्शनाचा अख्खा विषय, आणि तोही परळचं नाव घेऊन. वाटेगावहून आलेल्या, स्वतः गिरणीत राबलेल्या माणसाने ती लिहिली. शाहीर अमर शेख, गवाणकर आणि अण्णा भाऊंचं लाल बावटा कलापथक अशी गाणी कामगारांच्या वस्त्यांत, मैदानात, झीलकऱ्यांच्या (मागे ध्रुपद धरणाऱ्यांच्या) साथीने म्हणायचं. तीच गाणी चहाच्या गडबडीत बारीक आवाजात लावली की ओळी तुटक ऐकू येतात. ज्याला ऐकायचंय त्याला अर्थ लागत नाही आणि ज्याला फोटोखालचा मजकूर वाचायचाय त्याचं चित्त उडतं. लोककवी वामनदादा कर्डकांचं बिर्ला-बाटा-टाटांची नावं घेऊन ‘आमचा वाटा कुठं’ विचारणारं गाणंही असंच. तो प्रश्न समोर बसलेल्यांना विचारलेला आहे, तो समोरूनच विचारला गेला पाहिजे.

म्हणून दिवसभर फक्त वाद्यं. हार्मोनियमवर ह्याच गाण्यांच्या चाली संथ लयीत वाजवून घ्या आणि मागे तुणतुणं ठेवा. ओळखणारा माणूस दोन सुरांत ओळखतो आणि मनात शब्द म्हणतो, न ओळखणाऱ्याला त्रास होत नाही. दिमडी चालेल, पण हलगी बंद हॉलमध्ये नको, फार घुमते. सतार-बासरीची तयार रेकॉर्डिंग टाळा, त्याने हॉटेलच्या लॉबीत आल्यासारखं वाटतं. आवाजाचं माप सोपं: हातभर अंतरावरच्या माणसाशी नेहमीच्या स्वरात बोलता आलं पाहिजे. मधे मधे वीस-पंचवीस मिनिटं पूर्ण शांतता ठेवा.

मग परिसंवादाआधी दिवे थोडे मंद करून तीन गाणी समोर, उभं राहून. दोन वर सांगितलीच. तिसरं हिंदी हवं असेल तर ‘फिर सुबह होगी’ (१९५८) या चित्रपटातलं कवी साहिर लुधियानवीचं ‘चीन-ओ-अरब हमारा’. राहायला घर नाही आणि सारं जग आमचं, हे मुंबईत घर शोधणाऱ्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

तुकोबांचा ‘जोडोनिया धन उत्तम वेव्हारे’ अनेकांना सुचतो. अभंग थोर आहे, पण तो एका माणसाला धन कसं मिळवावं आणि कसं खर्चावं हे सांगतो. वाटणीचा प्रश्न त्यात येत नाही. तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत सोडली ही परंपरेतली कथा मात्र निवेदकाने जरूर सांगावी, ती थेट विषयाची आहे. गरिबीतच कसं सुख असतं असं सांगणारी गोड गाणी एकही नको.

रेकॉर्ड वाजवणार असाल तर परवान्याचं आधी बघा. हे परवाने देणाऱ्या संस्था दोन: ध्वनिमुद्रणासाठी साधारणपणे पीपीएल, शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, पण शब्दांचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे १९५८ ची रेकॉर्ड मोकळी झाली तरी साहिरचे शब्द २०४० अखेरपर्यंत मोकळे नाहीत, अण्णा भाऊंचे २०२९ अखेरपर्यंत. मोबाइलवरच्या वैयक्तिक खात्यातून हॉलभर गाणी वाजवणं त्या अ‍ॅपच्या अटींतही बसत नाही. हौशी मंडळाने विनातिकीट प्रेक्षकांपुढे स्वतः गायलेल्या गाण्याला कायद्यात सवलत आहे. मानधन घेणारे शाहीर आणताय तर ती गृहीत धरू नका, आयपीआरएसला लेखी विचारा.

आणि शाहीर आणाच, पण मानधन देऊन. ‘विषय आपलाच आहे, या की’ म्हणून फुकट बोलावण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही, या विषयावर तर नाहीच. हॉलचं भाडं आणि साउंडवाल्याचे पैसे लिहिता त्याच कागदावर हा आकडा आधी लिहा. झीलकऱ्यांचं आणि ढोलकीवाल्याचं मानधन वेगळं धरा, येण्याजाण्याचा खर्च त्यावर, आणि सगळं त्याच दिवशी हातात द्या.