"मले बी होईन का, मॅडम?"

बापाला 24व्या वर्षी आजार लागला, म्हणून स्वतःला 24वं लागायच्या आत तो दवाखान्यात समुपदेशनाला माझ्यासमोर येऊन बसला होता. यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं, चार एकर वावर, घरी माय अन् बाप. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वडिलांना स्किझोफ्रेनिया, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, विनाकारण संशय येणं असा मानसिक आजार, गावाच्या भाषेत 'डोक्यात फरक'. जमत आलेली सोयरीक पोरानं स्वतःच मोडली होती. मोडल्याचं कारण घरी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"मले बी होईन का, मॅडम? खरं सांगा."

हा प्रश्न मला सतत कोणी ना कोणी विचारतं. बहुतेकदा आई विचारते, लेकीच्या लग्नाआधी. सुरुवातीच्या वर्षांत मी "काही होत नाही, काळजी करू नका" म्हणून मोकळी व्हायचे. आता म्हणत नाही. ते खरं नसतं, आणि समोरच्याला ते कळतं.

त्याला आकडे सांगितले. 100 माणसांत साधारण एकाला आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल, तर 100 मुलांत 10च्या आसपास. धोका वाढतो, पण 90 जणांना होत नाही. कागदावर दहा रेघा ओढल्या, एकीला गोल केला. तो त्या गोलाकडेच बघत राहिला. "अन् हे रेघ माहीच असली तं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. रक्त तपासून हे आधी सांगता येत नाही. एकच जनुक दोषी नसतं, शेकडो जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. मग त्याला जुळ्यांचं सांगितलं. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास तीच असतात, तरी एकाला स्किझोफ्रेनिया झाला तर निम्म्याच्या आसपास जोड्यांत दुसऱ्याला तो होत नाही. तेव्हा कुठं त्यानं मान वर केली. वयाचा हिशोबही चुकलेला होता. हा आजार बहुधा तरुणपणी सुरू होतो हे खरं, पण बापाला ज्या वर्षी लागला त्याच वर्षी पोराला लागेल, असं काही नाही.

मग झोपेचं विचारलं. दोन महिने धड झोप नव्हती, आणि त्यालाच तो 'सुरू झालं' समजत होता. हरभऱ्याचं ओलित चालू, मोटारीची लाईट रात्रीची. अर्ध्या रात्री वावरात जायच्या, उरलेल्या भीतीत. कानात आवाज, संशय, माणसांपासून तुटणं, सगळं खोदून विचारलं. त्यातलं काही नव्हतं. तरी आमच्या मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवलंच.

एक गोष्ट मात्र निघाली. झोप लागावी म्हणून तो मित्रांसोबत गांजा ओढायला लागला होता. तिथं मी आवाज चढवला. जनुकं कोणाला बदलता येत नाहीत. पण ज्याच्या घरात हा आजार आहे, त्यानं गांजाला हातही लावू नये. गांजानं धोका आणखी वाढतो. पुढे कधी आवाज ऐकू आले, विनाकारण संशय येऊ लागला, तर देवऋषाकडे दिवस घालवायचे नाहीत, लगेच इकडे यायचं. येणं जमलं नाही तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

सोयरिकीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: लपवू नये. लपवलेलं लग्नानंतर उघडं पडलं, की संसार मोडताना मी पाहिले आहेत. "आजार बापाले हाये, गोळ्या चालू हायेत, असं सांगीन," तो म्हणाला आणि थबकला. गोळ्या चालू नव्हत्या. बरं वाटतंय म्हणून वर्षभरापासून बंद होत्या.

पुढच्या सोमवारी तो वडिलांना घेऊन आला. डॉक्टरांनी औषध पुन्हा सुरू केलं. निघताना वडील माझ्या टेबलाशी थांबले. घरातल्या रक्ताबद्दल सगळं गाव बोलत होतं, त्यांना मात्र कोणी काही विचारलं नव्हतं.

"बाई, माह्यापायी पोराचं लगन अडलं म्हणतात लोकं. खरं हाय का?"

मी बोलायच्या आत पोरगा म्हणाला, "म्याच मोडलं, बाबा. चला, गोळ्या घ्याच्या हायेत खिडकीवरून."